स्वस्त भिंगाने काय पाहिले?

मोठ्या वस्तूंचा इतिहास लिहिण्यास लेखक मिळतात. लहान वस्तूंचा इतिहास बहुधा लिहावयाचा राहून जातो. तोफा, किल्ले, रेल्वे आणि धरणे यांवर ग्रंथ झाले आहेत. परंतु ज्या साध्या भिंगामुळे आपल्या आजी-आजोबांचे चेहरे आपणांस आज पाहावयास मिळतात, त्या भिंगाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. नोकरीनिमित्त गावोगाव हिंडणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी तर ही चौकशी विशेष अगत्याची आहे. ज्यांचे घर एका जागी असते त्यांचा इतिहास वाड्यात, देवघरात आणि शेजाऱ्यांच्या स्मरणात राहतो. ज्यांची दर काही वर्षांनी बदली होते त्यांचा इतिहास ट्रंकेत मावेल एवढाच असतो, आणि त्या ट्रंकेतील मोठा भाग छायाचित्रांचा असतो.

ही छायाचित्रे महागड्या यंत्रांनी काढलेली नाहीत. ती स्वस्त कॅमेऱ्यांनी, एकाच नाभीय अंतराच्या म्हणजे झूमची सोय नसलेल्या साध्या लेन्सने काढलेली आहेत. अशा लेन्समध्ये कारखानदाराने कोठे काटकसर केली, ती हाताळण्यास कशी होती, तिची बांधणी किती टिकाऊ होती, हे प्रश्न वरवर पाहता केवळ हौशी छायाचित्रकाराचे वाटतील. पण या बांधणीनेच आपल्या घरातील काय टिपले जावे आणि काय विसरले जावे हे ठरविले, असे माझे म्हणणे आहे. आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम भिंगाचा विचार करू. १८१२ साली विल्यम हाइड वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी, म्हणजे चित्रे गिरविण्याच्या अंधाऱ्या पेटीसाठी, एका बाजूस फुगीर व दुसऱ्या बाजूस खोलगट असे एकाच काचेचे भिंग सुचविले. छायाचित्रणाचा शोध तेव्हा लागावयाचा होता. या चंद्रकोरी भिंगाचा गुण असा की, त्याच्या पुढे लहानसे छिद्र ठेवले म्हणजे प्रतिमा कडेपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट येते. दोष असा की, छिद्र मोठे केल्याबरोबर कडा विसविशीत होतात आणि निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतात. म्हणून छिद्र लहान ठेवणे भाग. छिद्र लहान म्हणजे प्रकाश थोडा. आणि प्रकाश थोडा म्हणजे काम उन्हातच करावयाचे. स्वस्त भिंगाची पुढील दीडशे वर्षांची कहाणी या एका वाक्यात सामावलेली आहे.

१८३९ साली दागेरची पद्धत जगजाहीर झाली, तेव्हा माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसवावे लागे. दुसऱ्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने गणित मांडून चार काचांची लेन्स सिद्ध केली. ती पूर्वीच्या लेन्सपेक्षा अनेक पटींनी अधिक प्रकाश घेई, आणि तिच्यामुळे व्यक्तिचित्रे काढणे सुकर झाले. परंतु ती पितळी नळीत बसविलेली, जड आणि महाग वस्तू होती. येथून दोन वाटा फुटल्या. जलद लेन्स हवी तर पैसे मोजा, स्वस्त हवी तर उन्हात उभे राहा.

आपल्या देशात ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या हौशी छायाचित्रकारांत अग्रेसर होते. आपल्या वाचकांस जवळचे वाटावे असे दुसरे नाव लाला दीनदयाळ यांचे. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेला आणि रुडकीस शिकलेला हा गृहस्थ इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करणारा सरकारी नोकर होता. नोकरी सांभाळून त्यांनी छायाचित्रण आत्मसात केले आणि पुढे निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. पण त्यांनी टिपले काय? संस्थानिक, मोठे अंमलदार, राजवाडे, शिकारी आणि प्राचीन मंदिरे. ज्या कचेरीत ते बसत तेथील शेजारच्या कारकुनाच्या घरचे चित्र काढण्यास त्या लाकडी-पितळी यंत्राला ना सवड होती, ना कोणी त्याचा खर्च देणार होते.

जबलपूरचीही गोष्ट तीच. येथील नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली उठला. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि १८७० मध्ये इटारसीकडून रेल्वे येऊन मिळाली व मुंबई-कलकत्ता मार्ग अखंड झाला, तेव्हा यंत्रे घेऊन प्रवास करणारे छायाचित्रकार भेडाघाटास सहज पोहोचू लागले. नर्मदेच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले संगमरवरी कडे त्यांना फार सोयीचे होते. कडे पांढरे, ऊन प्रखर आणि दगड हलत नाही. एकोणिसाव्या शतकातील भेडाघाटाची चित्रे पाहिली म्हणजे पाणी दुधासारखे, एकजीव झालेले दिसते. ती कोणाची कलात्मक योजना नव्हती. मंद काचपट्टीवर बराच वेळ पडलेल्या प्रकाशाचा तो परिणाम होता. कडे अचूक उमटले, आणि नाव वल्हविणारा माणूस हलला म्हणून पुसून गेला. इतिहासात असे वारंवार घडते.

सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा दिला तो जॉर्ज ईस्टमनने. त्याच्या १८८८ च्या पहिल्या कोडॅकची किंमत २५ डॉलर होती. ती मध्यमवर्गीयास झेपणारी नव्हती. १९०० साली त्याच्या कंपनीने ब्राउनी नावाचा कॅमेरा काढला, त्याची किंमत १ डॉलर. हा कॅमेरा म्हणजे काटकसरीचा वस्तुपाठच होता. देह जाड पुठ्ठ्याचा, वर नकली चामडे. भिंग वोलॅस्टनच्या जातीचे, एकाच काचेचे. फोकस कायमचा बसविलेला. शटरचा वेग ठरलेला. म्हणजे ज्या ज्या ठिकाणी काही फिरवावे, सरकवावे वा जुळवावे लागते, ते ते ठिकाणच काढून टाकले. पहिल्याच वर्षी हे कॅमेरे लाखाहून अधिक खपले. बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते, म्हणून पुठ्ठ्याचे असूनही त्यांतील पुष्कळ आजवर टिकले आहेत. स्वस्त वस्तू टिकाऊ नसते हा समज सर्वस्वी खरा नाही. जीत हलणारे भाग थोडे, ती वस्तू स्वस्त असूनही टिकते.

आपल्या मंडळींनी कॅमेऱ्याची विद्या आपलीशी करण्यास उशीर केला नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय करीत आणि काही काळ पुराणवस्तू खात्यात सरकारी नोकर होते. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कोल्हापुरास आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंनी चलच्चित्राचे यंत्र स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोखंड, पितळ आणि दातेरी चाके यांचे काम आपले कारागीर करू शकत होते हे त्यांनी दाखविले. भिंगाची काच ओतणे व घासणे हा मात्र निराळाच उद्योग होता. तो देशात रुजण्यास स्वातंत्र्य यावे लागले. कलकत्त्याच्या जादवपूर भागात १९५० साली निघालेल्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने पुढे प्रकाशीय काचेचे तंत्र येथे विकसित केले.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण आली आणि आयातीवर कडक निर्बंध बसले. परदेशी कॅमेरा ही परदेशी गेलेल्या आप्तानेच आणावयाची वस्तू झाली. अशा वेळी बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने तयार केलेला आगफा क्लिक-३ हा कॅमेरा मध्यमवर्गाच्या घरोघरी शिरला. १९६० नंतरच्या दोन दशकांत ज्यांचे बालपण गेले त्या आपल्या बहुतेक वडीलधाऱ्यांचे एखादे तरी चित्र याच यंत्रातून निघालेले असेल.

या कॅमेऱ्याची घडण पाहण्यासारखी होती. देह प्लास्टिकचा, वजन थोडे. १२० जातीच्या फिल्मवर बारा चौकोनी चित्रे निघत. भिंग लहानसे, साधे. त्याच्या छिद्राचा अंक सुमारे ९. हा अंक म्हणजे नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागून येणारा भागाकार होय. अंक जितका मोठा तितके छिद्र लहान व प्रकाश थोडा. शटरचा वेग एकच, आणि तोही मंद, त्यामुळे बटण दाबताना हात हलला की चित्र हलले. ऊन असल्यास एक खूण आणि ढग असल्यास दुसरी खूण, एवढाच निर्णय घेणाऱ्याने घ्यावयाचा. फिल्म पुढे सरकविण्यास मागील लहान तांबड्या खिडकीतून आकडा पाहावा लागे. आकडा पाहण्यास विसरले तर एकावर दुसरे चित्र उमटे. उदकमंडलम् येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने पुढे ‘इंदू’ नावाची देशी फिल्म बाजारात आणली. तो कारखाना आता बंद पडला आहे.

जबलपूरचा मराठी समाज या काळात भरभराटीस आलेला होता. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि उच्च न्यायालय येथे आले, १९६९ मध्ये वाहन कारखाना सुरू झाला. या प्रत्येक निमित्ताने नागपूर, विदर्भ आणि थेट पुण्या-मुंबईकडील कुटुंबे येथे येऊन राहिली. यांपैकी काही घरांतील जुने संग्रह पाहण्याचा योग मला येथे नोकरीस आल्यापासून आला आहे. निरनिराळी घरे, निरनिराळी माणसे. पण संग्रह चाळताना एक विलक्षण साम्य नजरेत भरते. सर्व माणसे घराबाहेर उभी आहेत. सर्वांचे डोळे मिचमिचे झालेले आहेत. अंगण, गच्ची, क्वार्टरचे फाटक, भेडाघाटाची वाट, ग्वारीघाटाच्या पायऱ्या; स्वयंपाकघर कोठेच नाही.

याचे कारण त्या माणसांच्या स्वभावात नसून भिंगाच्या छिद्रात आहे. सूर्य घेणाऱ्याच्या पाठीशी आणि काढून घेणाऱ्यांच्या तोंडावर, हा त्या लेन्सचा दंडक होता. फ्लॅशचे बल्ब मिळत, पण एक बल्ब एकदाच पेटे व फुकट जाई. तो लग्नमुंजीसाठी राखून ठेवावयाचा. त्यामुळे आजोबा दारात उभे असलेले सापडतात, परंतु रात्री कंदिलाच्या वा चाळीस वॉटच्या दिव्याच्या उजेडात हिशेब लिहिणारे आजोबा सापडत नाहीत. आजी रेशमी लुगडे नेसून अंगणात दिसते. चुलीपुढे किंवा शेगडीपुढे दिवसाचे आठ तास घालविणारी आजी दिसत नाही. गणपती विसर्जनास निघालेला दिसतो, मखरात बसलेला दिसत नाही. घराच्या आत जे आयुष्य गेले त्याचा पुरावाच उरला नाही, आणि त्या आयुष्यातील बहुतांश वाटा स्त्रियांचा होता. पुढे एखादा अभ्यासक या चित्रांवरून मराठी संसाराचा इतिहास लिहू लागला, तर हे लोक नेहमी उन्हात उभे राहत, असेच तो समजेल.

ही अडचण दूर होण्यासाठी जलद लेन्स स्वस्त होणे आवश्यक होते. तिचे बीज जुनेच होते. १८९६ साली झाइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फने प्लानर नावाची सहा काचांची, दोन्ही बाजूंनी सारखी अशी लेन्स रचली. प्रकाश घेण्यास ती उत्तम, पण काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परतत असल्यामुळे चित्र फिके पडे. १९३५ साली झाइसच्याच अलेक्सांडर स्माकुलाने काचेवर परावर्तन रोखणारा अतिशय पातळ थर देण्याची युक्ती काढली, आणि मग ही रचना खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांबरोबर ५० मिलिमीटर नाभीय अंतराची जी लेन्स सर्रास मिळू लागली, ती बहुधा याच कुळातील. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स व फिल्म यांत आरसा हलण्यापुरती जागा सोडावी लागते. ५० मिलिमीटर हे अंतर त्या जागेशी सहज जुळते, म्हणून जादा काचा घालाव्या लागत नाहीत. सहा साध्या गोलाकार काचा, अनेक दशके पडताळलेली रचना आणि प्रचंड उत्पादन, यांमुळे ती जलद असूनही स्वस्त झाली.

काचेत काटकसर करण्यास यापुढे वाव नव्हता. ती आता बांधणीत होऊ लागली. निकॉनने १९७९ मध्ये ई मालिकेच्या हलक्या लेन्स काढल्या, त्यांत प्लास्टिकचा वापर सढळ होता. कॅननच्या लेन्सचा इतिहास तर या बाबतीत उद्बोधक आहे. १९८७ साली तिची ५० मिलिमीटर, छिद्रांक १.८ ची स्वयंचलित फोकसची लेन्स निघाली. कॅमेऱ्यास जोडणारी कडी, म्हणजे माउंट, धातूची होती, अंतर दाखविणारी खिडकी होती आणि वजन १९० ग्रॅम होते. १९९० साली दुसरी आवृत्ती आली. काचा त्याच, सहा. परंतु माउंट प्लास्टिकचे झाले, खिडकी गेली, फोकसची कडी अगदी पुढच्या टोकास एखाद्या बांगडीएवढी अरुंद उरली आणि वजन १३० ग्रॅमवर आले. ही आवृत्ती सुमारे पंचवीस वर्षे विकली गेली. २०१५ साली तिसरी आली. तिचे माउंट पुन्हा धातूचे झाले, छिद्राच्या पात्या पाचांच्या सात झाल्या, फोकसची मोटर पूर्वीच्या मानाने शांत झाली आणि ४५ ऐवजी ३५ सेंटिमीटरवरील वस्तू टिपता येऊ लागली. वजन १६० ग्रॅमच्या आसपास. काचांची रचना मात्र मूळचीच राहिली. तीन आवृत्त्यांत जे बदलले ते सर्व हाताला जाणवणारे होते, डोळ्याला जाणवणारे फारच थोडे. स्वस्त लेन्स विकत घेणाऱ्याने हा भेद ओळखावा.

अशी लेन्स हाताळण्याचेही काही नियम आहेत. फोकस करताना जिचा पुढचा भाग आतबाहेर सरकतो, तिचे नाजूक ठिकाण तोच भाग होय. तो दाबला जाईल अशा रीतीने ती पिशवीत ठेवू नये, आणि मोटर चालू असताना कडी हाताने ओढू नये. प्लास्टिकचे माउंट बेताच्या वापरास पुरते. मात्र रोज लेन्सची अदलाबदल करणाऱ्याने धातूचे घ्यावे. जबलपूरच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या डब्यात कोंडून ठेवली तर काचेवर बुरशीचे जाळे धरते. ती कोरड्या, उजेडाच्या जागी ठेवणे बरे. धुवांधारच्या तुषारांपाशी तर झाकण हाताशीच असावे. दुसरी एक अडचण क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांस लगेच समजेल. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स त्यावर ७५ ते ८० मिलिमीटरसारखी वागते. तिने चारजणांचे कुटुंब एका चित्रात घ्यावयाचे तर मागे सरता सरता पाठ भिंतीस लागते. झूम नसल्यामुळे पायांनीच पुढेमागे व्हावे लागते, आणि सरकारी खोलीत पायांना जागा थोडी.

या गैरसोयी मान्य करूनही हिशेब तिच्याच बाजूने पडतो. छिद्रांक ९ आणि छिद्रांक १.८ यांत पाचपटीचे अंतर आहे. प्रकाश वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे नव्या लेन्समधून पंचवीसपट प्रकाश आत येतो. क्लिक-३ ला जेथे भर दुपारचे ऊन लागे, तेथे हिला खिडकीतील उजेड पुरतो. फोकस मात्र काटेकोर हवा. छिद्र पूर्ण उघडले असता डोळा स्पष्ट आला तर कान पुसट होतो. एवढे सांभाळले की स्वयंपाकघर, देवघर, अभ्यासाचे टेबल, आजाऱ्याची खाट, समईच्या उजेडातील गौरी, हे सर्व टिपता येते. जे आयुष्य दीडशे वर्षे चौकटीबाहेर राहिले, ते चौकटीत येण्याची सोय प्रथमच सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली.

आज तर प्रत्येकाच्या खिशात साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या इवल्या लेन्सचा मोबाइल आहे. वोलॅस्टनच्या भिंगाचा हा अगदी अलीकडचा वंशज. त्याने ऊन-सावलीचा प्रश्न बहुतांशी मिटविला, पण एक नवाच प्रश्न निर्माण केला. बारा चित्रांची फिल्म होती तेव्हा प्रत्येक चित्र धुऊन, छापून, कोपरे लावून वहीत चिकटविले जाई. आता हजारो चित्रे साठतात, आणि यंत्र बदलले की नाहीशी होतात. जी उरतात त्यांत कोण कोण आहे हे लिहिलेले नसते.

आपण सारे कागदपत्रांत वावरणारे लोक आहोत. ज्या कागदावर दिनांक नाही, स्वाक्षरी नाही, तो नस्तीत असून नसल्यासारखा, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तोच नियम घरच्या चित्रांस लावावा. जुन्या चित्रांच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून ठेवावे, आणि ते आजच करावे. कारण ती नावे सांगू शकणारे एक-दोन वृद्धच बहुतेक घरांत उरलेले असतात. अंगणातील त्या चित्रात कडेला उभी असलेली बाई कोण, हे त्यांच्यामागे कोणी सांगू शकणार नाही. नव्या चित्रांपैकी वर्षाकाठी वीस-पंचवीस निवडून छापावीत, आणि त्यांत दोन-चार तरी घराच्या आतली असावीत. स्वस्त भिंगाला जे पाहता आले नाही त्याचा दोष त्याच्याकडे नव्हता. त्याच्याजवळ प्रकाशच थोडा होता. आपल्याजवळ तो आता पुरेसा आहे.